त्रेचाळीस सह्या

एप्रिलच्या सात तारखेला दुपारी, अकोल्याला कॉलेजच्या लायब्ररीत डिझर्टेशनची परिशिष्टं लावताना मला माझी चूक दिसली. तोवर ती सहा महिने माझ्याच फाईलमध्ये होती. माझ्याच हाताने पंच केलेली, क्रमाने लावलेली.

एम.एस्सी. नर्सिंगचं माझं दुसरं वर्ष. पदवीला काय काय लागतं ते आमच्या नोटीस बोर्डावर लॅमिनेट करून लावलंय. थिअरीची हजेरी ऐंशी टक्के, वॉर्डातली शंभर टक्के, लॉगबुक सह्यांसकट पूर्ण, इंटर्नल पास, आणि डिझर्टेशन गाईडच्या सहीनं वेळेत सादर. रेवाच्या वेळच्या रजेत माझे वॉर्डातले अठ्ठावीस दिवस बुडाले होते, ते मी दिवाळीच्या सुट्टीत भरून काढले. पोरगी फराळाच्या ताटाशी आजीजवळ आणि मी लेबर रूममध्ये. सगळं झालं होतं. राहिलं होतं फक्त डिझर्टेशन, आणि त्याची तारीख होती सोळा.

माझा विषय होता पहिलटकरणींचा. भातकुली तालुक्यातल्या साठ बाळंतिणींना बाळाच्या काळजीचे प्रश्न विचारायचे, मग शिकवायचं, मग पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. सुरुवातीला प्रत्येकीची लेखी संमती घ्यायची: 'मला अभ्यासाची माहिती दिली आहे, मी माझ्या खुशीने भाग घेत आहे.' खाली बाईचं नाव, बाईची सही.

साठांतल्या त्रेचाळीस कागदांवर नाव सुनेचं होतं आणि सही सासूची. कुठे अंगठा, तोही सासूचाच.

ही चूक कशी झाली ते मला लख्ख आठवत होतं. आमच्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिना लिहू-वाचू नये म्हणतात, डोळे अधू होतात. मी कागद पुढे केला की बाजेवरच्या पोरीआधी सासूचा हात यायचा. "आना इकडे, मी करतो. तिच्या डोयाले ताण नोको." आणि मी पेन सासूच्या हातात द्यायचे. एकदा नाही, त्रेचाळीस वेळा. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी याच भागातली. माझ्या सव्वा महिन्यात मी तरी कुठे पेपर उघडला होता? पुण्या-मुंबईची एखादी विद्यार्थिनी पहिल्याच घरात अडखळली असती. मला सगळं ओळखीचं होतं, तिथेच मी फसले.

फाईल घेऊन मी रश्मी मॅडमकडे गेले. त्या माझ्या गाईड. बाई वाईट नाहीत. रेवा तापली की तास सोडून जायला त्याच सांगतात.

"किती?" त्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस."

"एवढंच ना. कोरे फॉर्म झेरॉक्स कर, तारखा जुन्याच टाक. दोन निळी पेनं घे, दोन काळी. डाव्या हातानंही थोड्या कर, अक्षर वेगळं दिसतं." एखाद्या पेशंटला गोळ्या समजावून द्याव्या तसं त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, "तुझ्या तोंडाला काय झालं?"

"मॅडम, त्या बायांची नावं मी लिहू?"

"मग कोण लिहिणार? त्या सासवांनी लिहिलीच आहेत ना. तू सासू हो एक दिवस."

मला हसू आलं नाही. "मी परत जाऊन घेते. आजची तारीख टाकीन, संमती उशिरा घेतली असं लिहीन."

"नऊ दिवसांत त्रेचाळीस घरं? आणि जी नाही म्हणेल तिची सगळी उत्तरं काढून टाकावी लागतील, कळतंय का? एथिक्स कमिटीच्या पत्रात किमान पन्नास बाया लिहिल्यात."

"म्हणजे दहा गेल्या तरी चालतंय."

"आणि अकरावी गेली की तू गेलीस. हिवाळी परीक्षेत ये मग."

हिवाळी म्हणजे आणखी सहा महिने, आणि सहा महिने म्हणजे काय ते मलाच ठाऊक. आम्ही अमरावतीच्या कडेला राहतो. सासऱ्यांच्या माघारी दोन एकरांत नवरा आणि सासू भाजीपाला करतात. मी रोज बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला जाते-येते. निघते तेव्हा रेवा झोपलेली, परतते तेव्हा झोपेला आलेली. एकोणीस महिन्यांची पोर सासूला 'आई' म्हणते आणि मला 'वली' म्हणते, कारण घरात सगळे मला वर्षाली म्हणून हाक मारतात. अमरावतीच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरची जागा माझ्यासाठी धरून ठेवलेली होती, घरापासून दहा मिनिटांवर. अट एकच, जूनपर्यंत एम.एस्सी. हातात पाहिजे. त्या दहा मिनिटांसाठी मी दोन वर्षं गाडीच्या दारात उभी राहून काढली होती.

तरी चार पेनं घ्यायला काही मी बाजारात गेले नाही.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई इंदूबाई सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या.

"सही झाली म्हंतं ना?"

"झाली, पण दुसऱ्याची."

"सासू दुसरी असते काय वं?" त्यांनी दातात धरलेली सुतळी काढली. "बरं शिकोलं तुले."

माझा नवरा किशोर म्हणाला, "सकाळी बाजारात माल टाकला की गाडी रिकामीच असते. चाल."

मग आठ दिवस आम्ही तेच केलं. कॉलेजला मी रजेचा अर्ज टाकला. सकाळी आठला किशोरची मोटारसायकल, पुढे टाकीवर रेवा टोपी घालून, मागे मी, पाठीवर फाईल. उन्हाचं मला भ्यावच वाटत होतं. दर अर्ध्या तासाला मी तिच्या मानेला हात लावून बघायचे. तिकडचं पाणी खारं, म्हणून पाच लिटरची कॅन घरूनच घेतलेली. किशोर म्हणायचा, "गाडीवर माणसं दोन अन् सामान तुह्या पोरीचंच."

काही ठिकाणी पाच मिनिटांत काम व्हायचं. काही ठिकाणी चहा होऊन, पोराचं वजन करून, लसीचं कार्ड बघून मग सही. एक सासू तर कपाळावर हात मारून म्हणाली, "सून आनली तवा तिले कोनी इचारलं नाई, अन् आता एका कागदासाठी इचारून राहिल्या. उलटंच हाये बाप्पा तुमचं." सून पदराआड हसली आणि सही केली. तिचं नाव तिनं इतकं ठळक लिहिलं की ते कागदाच्या मागे उमटलं.

पण सहा जणींनी नाही म्हटलं. त्यातल्या चौघींसाठी नवऱ्यांनीच म्हटलं. मी म्हटलं तिला बोलू द्या, तर त्यांनी आमच्या गाडीकडे बोट केलं. चार जणी हाती लागल्या नाहीत. दोघी माहेरी, एक सुरतला, एकीचं घर कुलूपबंद. दहा झाल्या. पंधरा तारखेच्या सकाळी माझ्याकडे बत्तीस नव्या सह्या होत्या, आणि आधीच्या सतरा खऱ्या. एकोणपन्नास. उरलं होतं एकच घर.

ते शालूचं. वय एकवीस, बारावी झालेली, पहिला मुलगा, आता सहा महिन्यांचा. तिची सासू मैनाबाई दारातच बसली होती, तूर पाखडत.

"सिस्टरबाई, तुमी आता कायले? मी तं देल्ली होती सही."

"मावशी, तुमची चालत नाही. शालूचीच लागते."

"काऊन? माहं नाव खोटं हाये काय?"

"तुमचं नाव खरं आहे, पण प्रश्न तिला विचारले होते."

"तिले इचारलं काय अन् मले इचारलं काय." तिनं सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "शालू, ये वं. सही कर अन् मोकयी कर बाईले."

शालू हात पुसत आली. मी कागद तिच्यापुढे धरला. तिनं पेन घेतलं, सासूकडे बघितलं, पेन धरूनच राहिली. मी आठ दिवस ते बघणं बघत होते. या वेळी काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"माह्या घरात मले बाहेर काढून राहिली?"

"पाच मिनिटं."

"मले नाई सांगनार असं काय हाये तुमच्या कागदात?"

"काही नाही. तुम्ही वाचा वाटलं तर. पण तिच्याशी मी एकटीच बोलणार."

मैनाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग किशोरकडे. तो रेवाला बकरी दाखवत उभा होता. त्यानं खांदे उडवले. "आमच्या घरीबी असंच हाये," तो म्हणाला. मैनाबाई सूप उचलून अंगणात गेली. जाताना सुनावलंच, "आमाले कोनी इचारतच नाई बा. सासू झाली का मानूस संपते."

शालू खाली बसली. कागद तिनं वरपासून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून.

"ताई, इथं लिवलं हाये का मी दिलेली उत्तरं वापरणार."

"हो."

"ते उत्तरं खोटे हायेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती खालमानेनं सांगत राहिली. "तुमी इचारलं ना, चीक पाजला का? मी हो म्हंतलं. नाई पाजला. तीन दिवस पिळून फेकला. मध चाटवला का, तं मी नाई म्हंतलं. चाटवला. रोज. तुमी दुसऱ्यांदा आल्या तवाबी चाटवून राहिल्या होत्या. आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. मंग मी काय सांगू?"

माझ्या तक्त्यात शालूचे पहिल्या वेळी नऊ गुण होते आणि शिकवल्यावर अठरा. वीसपैकी अठरा. तिचं उदाहरण मी चौथ्या प्रकरणात घातलं होतं.

"बाकीच्या?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"ते मले काय माईत. पण सगळ्याइच्या घरी सासवा होत्या ना ताई." मग तिनं माझा चेहरा बघितला आणि पेन उचललं. "तुमचं काम अडून राहिलं असन तं देतो मी करून सही. मले काय. तुमी उन्हात लेकरू घेऊन आल्या."

तिनं पेनचं टोक कागदावर टेकवलं होतं. 'श'ची पहिली वाटोळी रेघ निघालीही होती. ती सही झाली की पन्नास. सोळाला डिझर्टेशन, जूनला पदवी, दहा मिनिटांवर नोकरी, आणि रेवा संध्याकाळी पाचला माझ्या कडेवर. शालूला कोणी जबरदस्ती केलेली नव्हती. ती खुशीने देत होती, आणि कागदाचं म्हणणंही तेवढंच होतं.

मी तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

"राहू दे," मी म्हटलं. "आणि मध आता तरी देत नाही ना?"

"आता नाई."

परत येताना वाटेवरच्या पाच घरी मी थांबले. पाचही जणींच्या सह्या झालेल्या होत्या. या वेळी मी कागद काढला नाही. विहिरीवर, गोठ्यात, जिथे सासू नव्हती तिथे उभं राहून दोनच प्रश्न विचारले. पाचांतल्या चौघींनी मला आधी वेगळं सांगितलं होतं. एक तर हसत म्हणाली, "तुमी नर्स असून तुमाले समजलं नाई?"

समजलं पाहिजे होतं. ते मलाच सगळ्यात आधी समजलं पाहिजे होतं.

संध्याकाळी रेवाला वरणभात भरवताना मी सासूबाईंना सगळं सांगितलं. पन्नास झाल्या नाहीत, झाल्या असत्या तरी डिझर्टेशन दिलं नसतं, आता हिवाळी परीक्षा.

"आनखी सहा महिने?" त्यांनी हातातलं भांडं ठेवलं. "अन् ते नोकरी?"

"ती दुसऱ्या कोणाला मिळेल."

"अन् हे पोट्टी? हे मीच सांभाळू? मी भाजी इकू का हिच्या मांगं धावू? इतकं शिकून तुले अक्कल आली का गेली? बाया खोटं बोलल्या तं बोलल्या. तू थोडीच बोलली."

"मी पण बोलले होते," मी म्हटलं. "रेवा सहा दिवसांची होती तेव्हा."

रेवाला तेव्हा जुलाब झाले होते. अमरावतीला दवाखान्यात तीन दिवस सलाईन. डॉक्टरांनी मला विचारलं, वरचं काही दिलं का, मध, घुटी? मी नाही म्हटलं. मी बी.एस्सी. नर्स, दोन वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेली. मला ठाऊक होतं हे सांगितल्यावर डॉक्टर कुठे बघतील आणि नाही सांगितल्यावर कुठे कुठे शोधत बसतील. एवढ्याशा हातावर त्यांनी चार ठिकाणी सुई टोचली, रक्त काढायला. तरी मी नाही म्हटलं.

"तुम्ही मध चाटवला होता," मी म्हटलं. "मी बघितलं होतं."

"मले माईत हाये तुनं पायलं होतं." त्यांनी भांडं पालथं घातलं. "मंग तवा काऊन नाई बोलली?"

"तुम्ही खाटेशी उभ्या होत्या."

"मी काय खाऊन टाकलं असतं तुले?"

"नाही. पण मी नाही बोलले."

रेवानं माझ्या हातातला घास ढकलला आणि आजीकडे हात केले. सासूबाईंनी तिला घेतलं. तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सहा महिने म्हंजे सहाच. सातवा नाई." आणि पोरीला घेऊन ओट्यावर गेल्या.

सोळा तारखेला मी रश्मी मॅडमच्या टेबलावर फाईल ठेवली नाही. अर्ज ठेवला.

त्यांनी आधी आकडा विचारला. मी एकोणपन्नास सांगितला. "अगं मग? एकानं काय होतं," त्या म्हणाल्या, आणि खरंच मोकळ्या हसल्या. "कमिटीला मी बोलते. मर्यादा म्हणून एक ओळ टाक. चल, बाइंडिंगला दे. मला वाटलं तू वीसबावीस घेऊन येतेस."

"मॅडम, उत्तरंच खरी नाहीत." मी शालूचं सांगितलं, वाटेवरच्या चौघींचं सांगितलं. "शिकवल्यानं माहिती वाढली असं मी लिहिलंय. वाढलं काहीच नाही. सासूसमोर काय बोलायचं ते त्यांना दुसऱ्या वेळी जास्त नीट कळलं, एवढंच."

"वर्षाली, सगळ्यांचे डिझर्टेशन असेच असतात."

"असतील."

"कपाटात जातात ते. कोणी उघडत नाही."

"मी ट्यूटर झाले की मीच उघडणार ना. मुलींना दाखवायला."

त्यांनी अर्ज ओढून वाचायला घेतला. मी तो घरी तीनदा लिहिला होता. पहिल्या दोन वेळा त्यात 'अपरिहार्य कारणास्तव' असं आलं होतं. तिसऱ्यात आलं नाही. त्यात लिहिलं होतं, की त्रेचाळीस सहभागी महिलांची संमती मी त्यांच्याकडून घेतली नाही, त्यांच्या सासवांकडून घेतली. मुलाखती सासवांसमोर घेतल्या, त्यामुळे उत्तरं विश्वासार्ह नाहीत. चूक माझी आहे. मला पुन्हा सगळ्या मुलाखती घ्यायला पुढच्या सत्रापर्यंत मुदत मिळावी.

"हे कारण लिहू नकोस," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मुलगी लहान आहे ना तुझी? तिच्या तब्येतीचं लिही. सगळ्याजणी तेच लिहितात, कोणी प्रश्न विचारत नाही. सर्टिफिकेट मी मिळवून देते."

"मुलगी बरी आहे, मॅडम."

"ते मला माहितेय. कागदावर म्हणते मी."

"कागदावरही बरीच आहे ती."

पंख्याखाली अर्जाचा कोपरा फडफडत होता. त्यांनी त्यावर स्टेपलर ठेवला.

"यात गाईड म्हणून माझं नाव आहे. प्रिन्सिपल मला विचारतील, तुम्ही काय करत होता. तुला विचारतील, मॅडमनी काय सांगितलं. मग?"

"मग जे झालं ते सांगीन."

"कोऱ्या फॉर्मचंही?"

पुढचे सहा महिने, माझी सगळी कागदपत्रं, हिवाळीला तोंडी परीक्षेत माझ्या शेजारी बसणारी बाई, सगळं याच टेबलावरून जाणार होतं.

"विचारलं तर हो."

त्या उठल्या, खिडकी लावली, परत येऊन बसल्या. बाहेर बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुली वॉर्डातून परतत होत्या, त्यांचा गलका ऐकू येत होता. मॅडमनी पेनचं टोपण काढलं आणि तसंच धरून ठेवलं. मग स्टेपलर सरकवून अर्जाच्या खाली 'पुढील कार्यवाहीसाठी सादर' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली. कागद मला देताना नजर दिली नाही.

मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि या वेळी सासवांना कुठे बसवणार आहेस?"

"अंगणात," मी म्हटलं. "त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली करतेय. संमतीसकट."